घुंगरांत कोंबलेली लोकर

पहिल्यांदा दुखलं ते घाट उतरताना. चढताना दुखलं असतं तर म्हणलो असतो, चढ हाय, दुखणारच. पण उतारावर, निम्म्या वाटेत, उजव्या खुब्यात आतल्या अंगाला काहीतरी चमकलं अन् पाय आपोआप वर उचलला गेला. मी जागीच उभा राहिलो. आजूबाजूला नुसती बोराटी अन् दगडं. त्या घाटात बिबट्याची भीती कायमची, पण त्या दिवशी मला बिबट्या आठवलाच न्हाई. मला माझा बा आठवला.

कावून, ते सांगतो. मी डाकेचा हरकारा होतो. निजामाचं राज्य होतं, अन् आमच्या भागात तवा मोटार कुणी बघितलेली नव्हती. नांदूरघाटच्या चौकीवर मुन्शी डाकेचा थैला द्यायचा. तो खांद्यावरच्या काठीला अडकवायचा अन् पळत सुटायचं. घाट चढून पलीकडच्या चौकीवर दुसरा हरकारा तयार असायचा. आपला थैला त्याला द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा, अन् आलं तसं माघारी पळायचं. चालायचं न्हाई बरं का, पळायचं. चालताना कुणी बघितलं अन् मुन्शीच्या कानावर गेलं, की तो आईबहीण काढायचा.

माझ्या आधी ही वाट माझ्या बाची. अर्धा जन्म त्यानं त्या घाटात काढला, अन् मंग त्याचा उजवा खुबा गेला. गेला म्हणजे कसा, ते आमच्या अंगणात रोजच दिसायचं. बा बुडाखाली तरट बांधायचा, दोन्ही हात भुईला टेकायचा अन् घासत घासत सरकायचा. गोठ्यापासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत. घोडं मागं लागलं तरी हा गावायचा न्हाई, असं लोक ज्याच्याबद्दल सांगायचे, तो माणूस आता कोंबड्यांच्या उंचीवरनं जग बघायचा. सरकारनं मेहेरबानी केली ती एवढीच, की त्याच्या जागी मला घेतलं.

तर असा बा घरात बसलेला, अन् मला दुखायला लागलं ते त्याच पायात, त्याच जागी. घरी गेलो तवा बा अंगणात शेंगा फोडत बसलता. मी त्याच्याकडं बघितलंच न्हाई. सरळ आत गेलो अन् भिंतीला टेकून बसलो. घाम काही केल्या थांबंना.

मनाला समजावलं, लचकलं असंल. आठ-पंधरा दिवसांत जाईल. कसलं जातंय! सकाळी अंथरुणातनं उठलं की पहिली चार पावलं टाकताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. उकिडवं बसलं की उठताना भिंत धरावी लागायची. पळायला लागलं की जरा अंग गरम व्हायचं अन् दुखणं दबायचं. मला वाटायचं, गेलं बुवा एकदाचं. अन् घाटाचा चढ लागला की ते मेलं परत डोकं वर काढायचं, खुब्यातनं मांडीत उतरायचं, मांडीतनं गुडघ्यात.

रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पाय हलवून बघायचो. हलतोय का? हलतोय. मंग दोन्ही हातांनी मांडीला वेढा घालायचो, आधी डावीला, मंग उजवीला. बाची उजवी मांडी वाळून काठीसारखी झालती. माझी बोटं उजवीकडं जास्त जवळ येतात का, हे मी बघायचो. कधी वाटायचं येतात, कधी वाटायचं न्हाई. परत बघायचो. एकदा बायकोनं बघितलं.

"आवं, काय मोजताव सकाळी सकाळी?"

"काय न्हाई. तू झोप."

"अन् उजव्या कुशीवर कावून वळत न्हाई तुमी? मला काय डोळे न्हाईत का?"

तिला पाचवा महिना होता. तिच्यापुढं खोटं बोलायचं माझ्यात बळ नव्हतं, म्हणून सांगितलं.  मंग उठून तिनं बिब्बा दिव्यावर धरला, त्याचं तेल काढलं अन् माझ्या खुब्यावर टिपके दिले. तो बिब्बा असा उतला, की दोन दिवसांत सगळीकडं फोड. दुखणं आत होतं तिथंच राहिलं, वर आणखी ही आग! मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, "मंग बाला इचारा की. त्यांना ठावं असंल."

"बाला एक शबुद सांगायचा न्हाई," मी म्हणलो. "माझी शप्पथ हाय तुला."

बाला कावून सांगायचं न्हाई, ते मला धड सांगता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली असती, तर मी तिथंच खचलो असतो. दुसऱ्याच्या तोंडनं ऐकलं की दुखणं खरं होतं, असं मला वाटायचं. कुणीतरी म्हणलं, मोमिनाबादेच्या छावणीत डाक्तर हाय, हाडाचं लई चांगलं बघतो. अंबाजोगाईला तवा मोमिनाबाद म्हणायचे. पण तो डाक्तर सरकारी, डाक सरकारी. डाक्तर मुन्शीला बोलला अन् मुन्शी त्याच्या वरच्या साहेबाला, दरोग्याला, तर माझं काय? लंगडा हरकारा कुणाच्या कामाचा? कोरडवाहू तुकड्यावर तीन तोंडं जगणार होती व्हय? अन् चौथं पोटात.

पण तोंड बंद ठेवून भागत नव्हतं. खरी चहाडी करत होती ती माझी काठी.

हरकाऱ्याच्या काठीला घुंगरं असतात. जनावर बाजूला व्हावं, वाटेवरच्या माणसानं रस्ता द्यावा अन् पुढच्या चौकीवरच्या गड्यानं उठून कंबर कसावी, म्हणून ती. पाय पडला की घुंगरू वाजतं. चांगला पळणारा असला की छन्, छन्, छन्, एकसारखं चालतं, पिंजाऱ्याच्या धनुकलीवाणी. माझा उजवा पाय भीत भीत पडायला लागला तसं ते घुंगरू अडखळायला लागलं. छन्... छनक, छन्... छनक. एकदा ऐकलं अन् माझ्या अंगावर काटाच आला. मी कितीबी नीट पळायचं नाटक केलं, तरी हे घुंगरू सगळ्या शिवाराला ओरडून सांगत होतं, लंगडा आला, लंगडा आला!

अन् माझी वाट जायची आमच्या घरामागनं. मधी एक पट्टी रान, अन् त्याच्या पलीकडं अंगणात बा बसलेला. जन्मभर ज्यानं तेच घुंगरू वाजवलं, त्याला कळणार न्हाई व्हय? घर जवळ आलं की मी घुंगरं मुठीत धरायला लागलो. काठी सावरायची, थैला सावरायचा अन् वर ही मूठ. तेवढ्यानं दोनदा तोल गेला. मंग एका दिवशी डोकं चाललं. बोराटीच्या काट्यांना मेंढरांची लोकर अडकलेली असते. ती वेचली अन् एकेका घुंगरात काडीनं गच्च कोंबली. काठी हलवून बघितली. आवाज न्हाई. देवा, काय बरं वाटलं! वाटलं, अर्धं दुखणंच गेलं.

त्या दिवशी घरी आलो तर बा उंबऱ्यापाशी.

"आज डाक गेली न्हाई काय रं?"

"गेली की."

"घुंगरू ऐकू आलं न्हाई."

"गंजलंय ते."

बा माझ्याकडं बघत राहिला. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत सटकलो. 

पलीकडच्या चौकीवरचा गडी आवाज न्हाई म्हणून दोनदा झोपलेला सापडला अन् माझ्यावरच उखडला. त्याला दिली शिवी अन् गप केलं. पण कुत्र्यांना काय सांगणार? घाटाच्या पायथ्याशी दरसाल धनगरांचा तळ पडायचा. त्यांची ती दांडगी कुत्री मला ओळखायची, म्हणजे माझ्या घुंगराला ओळखायची. घुंगरू वाजत आलं की नुसतं एक डोळा उघडायची. एके दिवशी माघारी येत होतो, दिवस कललेला. कुत्र्यांना दिसलं ते एवढंच, बांधाआडनं एक माणूस काहीच आवाज न करता पळत येतोय अन् खांद्यावर गाठोडं. त्यांनी काय समजायचं? चारी बाजूंनी आली. माझी तर बोबडीच वळली. हाणायला काठी उगारली, उजव्या पायावर भार आला, अन् तो पाय खाली होताच कुठं! सपशेल आडवा झालो. थैला पोटाखाली धरला अन् डोळे मिटले. गरम श्वास मानेवर लागत होता. खरं सांगतो, तवा मला कुत्र्यांपेक्षा एकच कळत होतं, की पाय हलत न्हाई. बाचंबी असंच झालं असंल, असंच एका क्षणात.

"हाड्! हाड्!" करत म्हातारा धनगर धावत आला. कुत्री मागं सरली. त्यानं मला बसतं केलं.

"आरं, तू तर डाकवाला! घुंगरू कुठं गेलं तुझं?"

 त्यानं काठी हातात घेतली, घुंगरात बोट घातलं अन् लोकर बाहेर काढली.

"आमच्याच मेंढराची दिसतीया," म्हणाला अन् हसला. मी हसायच्या परिस्थितीत नव्हतो. माझ्या डोळ्यांतनं टपाटपा पाणी गळत होतं. एवढा घोडा झालतो, पण रडलो. त्यानं माझा पाय धरून गुडघ्यातनं वाकवला, बाहेर वळवला, अन् मी किंचाळलो.

"खुबा धरलाय," तो म्हणाला. "डाग द्यावा लागंल. मेंढराला देतो, माणसालाबी देतो. सोसंल का?"

"चालता येईल का पण?"

"ते देवाला ठावं. माझ्या हातात डाग हाय."

असलं उत्तर ऐकून कुणाला धीर येणार? पण बाच्या त्या तरटापुढं मला सगळं सोपं वाटत होतं. त्यानं विळा जाळात घातला. पातं लाल व्हायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारून घेतल्या. त्याच्या दोन लेकांनी मला दाबून धरलं. मंग चर्र आवाज झाला अन् माझ्याच कातड्याचा वास माझ्या नाकात शिरला. पुढचं नीट आठवत न्हाई. शुद्धीवर आलो तवा धनगराची म्हातारी हळद लावत होती अन् म्हणत होती, "झालं बाळा, झालं."

तसाच पाय ओढत थैला चौकीवर पोचवला. मुन्शीनं उशीर कावून झाला इचारलं. कुत्री मागं लागली म्हणलो, ते तर खरंच होतं.

डागाचं म्हणाल तर त्यानं खुब्याचं दुखणं हाललं न्हाई. जखम चिघळली तेवढी. आता वर जखम, आत खुबा, अन् मधी मी. घुंगरं मात्र मोकळी केली. कुत्र्यांची धास्ती घेतलती.

अन् अशात मुन्शीनं सांगितलं, डाकेचा दरोगा येतोय. प्रत्येक टप्प्यावर घोड्यावरनं हरकाऱ्याच्या संगं जाणार. म्हातारे, आजारी, लंगडे, जे दिसतील ते बरतर्फ. बरतर्फ म्हणजे कामावरनं काढून टाकायचं, जागच्या जागी. हे सांगताना मुन्शी माझ्या पायाकडं बघत होता का? मला वाटलं बघत होता. तेव्हापासून मला घास गिळंना. बायको भाकरी पुढं ठेवायची अन् मी नुसता कुस्करत बसायचो. एकदा न राहवून ती म्हणाली, "जाऊ द्या की गेलं तर काम. पाय राह्यला तर मोलमजुरी तरी करताल."

"अन् पळत राह्यलो तर पाय जाणारच हाय, असं कुणी सांगितलं तुला?"

ती अंगणाकडं बघत राह्यली. अंगणात बा होता, हाकेच्या अंतरावर.

दरोगा आला. जाडजूड माणूस, डोक्याला रुमी टोपी, घोडं उमदं.  थैला काठीला अडकवला, घुंगरं सारखी केली अन् निघालो. पहिल्या पट्ट्यात काय झालं देव जाणे. भीतीनं अंग तापलं असंल. पाय पडायला लागला. अगदी सरळ न्हाई, पण पडायला लागला. दात असे आवळले होते की कानशिलं दुखत होती. मागनं घोड्याच्या टापा अन् पुढं माझं घुंगरू. दरोगा एकदा म्हणाला, "शाबास." तो शब्द ऐकून मला वाटलं, निभावलं! एवढा सपाटीचा तुकडा काढला की घाटात घोडं आपोआप मागं पडतंय, मंग कोण बघतंय मला!

घरामागच्या वळणावर आलो, अन् वाटेच्या मधोमध काहीतरी बसलेलं दिसलं. वाटलं वासरू हाय. जवळ गेलो तर बा.

अंगणापासून वाटेपर्यंत सगळं नांगरलेलं रान. ढेकळंच ढेकळं. त्यातनं तो घासत आलता. तरट कुठंतरी सुटून पडलं होतं, हातांचे पंजे रक्तानं भरलेले, धोतराच्या चिंध्या. त्यानं दोन्ही हात आडवे पसरले.

"बा, सर बाजूला! डाक हाय!"

"थांब," बा म्हणाला.

सरकारी डाक अडवली तर तुरुंग होता. हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठावं? दरोग्यानं घोडं थांबवलं. "कौन है बे ये? हटाव इसको!"

"हुजूर, मी बाप हाय त्याचा," बानं हात जोडले. "ह्यो लंगडा हाय. ह्याला काढा."

मला आधी ऐकूच आलं न्हाई. ऐकू आलं तवा कळलं न्हाई. अन् कळलं तवा वाटलं, इथंच ह्या म्हाताऱ्याचा गळा दाबावा.

"खोटं हाय, सरकार! म्हातारा हाय, डोकं फिरलंय त्याचं!"

"उजव्या पायावर उभं करा त्याला," बा म्हणाला. माझ्याकडं बघत नव्हता, दरोग्याकडंबी न्हाई. माझ्या पायाकडं बघत होता. "नुसतं उजव्या पायावर, हुजूर. मंग तुमीच बघा."

दरोग्यानं चाबकानं खूण केली. मी डावा पाय उचलला. माझं सगळं जगणं त्या एका खुब्यावर आलं होतं, अन् तो थरथरायला लागला. कंबर डावीकडं झुकायला लागली. मी म्हणलो, देवा, एवढं दरोग्याचं समाधान होईपर्यंत, मंग ने काय न्यायचं ते. पण खुबा निसटला अन् मी बाच्या अंगावरच पडलो. घुंगरं खळ्ळकन वाजली.

दरोगा फार बोलला न्हाई. म्हाताऱ्याला तुरुंगात घालत न्हाई, हे उपकार समज, एवढं म्हणाला. बाजूच्या रानातल्या एका गड्याला हाक मारून माझी काठी अन् थैला त्याच्या हातात दिला. "भाग," म्हणाला. तो गडी बिचारा घाबरून पळत सुटला, त्याच्या मागनं घोडं, अन् थोड्या वेळानं टापांचा आवाजबी गेला. राहिलो आम्ही दोघं, वाटेवर बसलेले.

मी बोंबललो. काय काय बोललो ते आता सांगवत न्हाई. "खायचं काय? तिला काय घालू? ते जन्माला येईल त्याला काय घालू? निभावलं होतं रे मी! शाबास म्हणला होता तो!"

बानं सगळं ऐकून घेतलं. मंग आपले रक्ताळलेले हात धोतराला पुसत म्हणाला, "मलाबी म्हणलता की शाबास. दरसाल म्हणायचे."

"मंग?"

"मंग काय? माझा बा तवा जिता नव्हता. मला कुणी आडवं आलं न्हाई."

 भीती कुठं गेलती? ती तिथंच होती, उलट दुप्पट झालती. उद्या सकाळी उठून काय करायचं, याचा पत्ता नव्हता. पण ऊन चढत होतं अन् बाला त्या ढेकळांतनं परत घासत जाऊ देणं माझ्यानं झालं नसतं. मी पाठ केली. त्यानं माझ्या गळ्यात हात टाकले. हाडांचाच बाप, पण उठताना खुब्यात अशी कळ आली की मी जुन्या सवयीनं दात आवळले अन् झपाझपा पावलं टाकायला लागलो.

"आरं, हळू," बा माझ्या कानाशी म्हणाला. "हळू चल, लेका. आता कुठं पोचायचंय तुला?"